सहा अंगठे

अण्णा – रडायचं असेल तर आत येऊन रड, चिंगे. दारात नको. जिन्यात आवाज फार घुमतो.

चिंगी – अण्णा... हे काय? पायाला प्लास्टर?

अण्णा – पैंजण घालणार होतो, पण डॉक्टर म्हणाले तूर्तास प्लास्टरच बरं. ये आत. दार लाव. आणि तुझ्या पायांत बघ जरा. एक चप्पल काळी, एक निळी.

चिंगी – असू दे.

अण्णा – असू दे काय? डावी-उजवी तरी नीट आहे ना?

चिंगी – अण्णा, पुरे! दोन तास त्या बसमध्ये जीव मुठीत धरून बसले होते मी. सारखा फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. मला वाटलं... काय काय वाटलं ते सांगवत पण नाही.

अण्णा – फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलाय. मी इकडे, फोन तिकडे, मधे हा पाय. उठून पोचेपर्यंत वाजायचा थांबतो. चांगला सारखा वाजत होता. म्हटलं, ती विमावाली पोरगी असेल, फार चिकाटीची आहे. तुझा फोन कामाच्या दिवशी भरदुपारी कशाला येईल?

चिंगी – कधी पडलात?

अण्णा – कळवलं होतं की.

चिंगी – कळवलं होतं! एका शब्दात! 'पडलो'!

अण्णा – मग त्यात न कळण्यासारखं काय आहे? तूच नियम केलास. आई गेल्यावर तूच म्हणालीस ना, 'अण्णा, रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, म्हणजे आमच्या जिवाला घोर नाही.' मी रोज टाकतो, 'उठलो.' एक दिवस चुकवला नाही. त्या दिवशी उठलो, पण मेसेज टाकायच्या आत पडलो. मग खरं होतं ते लिहिलं.

चिंगी – आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'उठलो'?

अण्णा – दुसऱ्या दिवशी उठलो होतो ना! हॉस्पिटलात उठलो, पण उठलो.

चिंगी – दोन आठवडे होत आले, अण्णा. मला आज सकाळी दिसलं. फोनमधली जागा संपली म्हणून ग्रुपवरचे जुने फोटो पुसत बसले होते. वर वर गेले तर उठलो, उठलो, पडलो, उठलो. आधी वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. आणि त्याच्याखाली सहा अंगठे.

अण्णा – सहाच असतात. तू, दादा, वहिनी, काकू आणि आत्याची दोघं. आपल्या घरात शिस्त आहे, कोणी चुकवत नाही.

चिंगी – चेष्टा नका ना करू.

अण्णा – चेष्टा कसली? सगळ्यांत आधी तुझा येतो. मग काकूचा. दादाचा आपला संध्याकाळकडे, त्याच्याकडे तेव्हा सकाळ होते. वहिनी कधीकधी अंगठ्याऐवजी सूर्य टाकते.

चिंगी – तुम्ही हे सगळं बघत बसता?

अण्णा – सकाळी दुसरं काय बघू?

चिंगी – मी वाचलंच नव्हतं हो. देवाशपथ सांगते. तोंडात ब्रश असतो, एका हातात फोन. तुमचं नाव दिसलं की अंगठा. हाताला इतकी सवय झालीय की डोळे मधे येतच नाहीत.

अण्णा – बरं, झालं ते झालं. डोळे पूस. त्या ओट्यावर चहाचं भांडं आहे, दोघांपुरतं आधण ठेव. नाही, तिघांपुरतं ठेव.

चिंगी – तिसरं कोण?

अण्णा – आहे एक माणूस. येईलच इतक्यात.

चिंगी – पडलात कसे? शिडीवर चढला होतात ना? पंखा पुसायला? किती वेळा सांगितलं...

अण्णा – शिडीवरून पडलो असतो तर सांगताना मान तरी ताठ राहिली असती. अख्खा जन्म लिफ्ट दुरुस्त केल्या. सातव्या मजल्यावर, खाली नुसता काळोख, लोखंडी दोराला लोंबकळून काम केलं, साधं खरचटलं नाही. आणि पडलो कशावरून? मोरीपुढच्या पायपुसण्यावरून. कोणाला सांगू नकोस. जुन्या मंडळींना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

चिंगी – फोन हातात होता ना तेव्हा?

अण्णा – होता. मेसेज टाकायलाच घेतला होता.

चिंगी – मग मेसेज कसला टाकताय? फोन करायचा सरळ!

अण्णा – तुला?

चिंगी – मग कोणाला?

अण्णा – तुला फोन केला की तू म्हणतेस, 'अण्णा, मीटिंगमध्ये आहे, मेसेज टाका ना.' म्हणून टाकला. अगं, टोचून नाही बोलत मी. तू म्हणतेस ते खरंच असतं, तुला काम असतं. आणि दुसरं म्हणजे जुनी खोड. आमच्या कामात पद्धत होती. एखाद्या इमारतीवरून फोन यायचा, 'बंद.' बस्, एवढंच. कशी बंद, का बंद, कोण अडकलंय, असं पाल्हाळ कोणी लावलं तर आमचे साहेब खवळायचे. माणसं आत घामाघूम होतायत आणि तुम्ही कथा कसल्या सांगताय! ऐकणाऱ्यानं 'बरं' म्हणायचं आणि हत्यारांची पिशवी उचलून निघायचं. काय झालंय ते तिथे जाऊन बघायचं.

चिंगी – पण मी काय लिफ्टवाली आहे का?

अण्णा – लिफ्टवाल्याची आहेस. साखर दोन चमचे. बाईंना गोड लागतं.

चिंगी – कोण बाई?

अण्णा – येतील तेव्हा बघ. तू बोल, काय म्हणत होतीस?

चिंगी – मी काही म्हणत नव्हते. आता म्हणते. बसमध्येच मी दोन गोष्टी मागवल्यात. उद्या येतील. एक कॅमेरा आहे, छोटासा, तो इथे कपाटावर बसवायचा. आणि एक घड्याळासारखं मनगटावर बांधायचं. माणूस पडला की त्याला आपोआप कळतं.

अण्णा – कळलं की?

चिंगी – की माझ्या फोनवर मेसेज येतो.

अण्णा – मग तू काय करणार?

चिंगी – काय करणार म्हणजे?

अण्णा – अंगठा देणार?

चिंगी – अण्णा!

अण्णा – चुकलं. तोंडातून निघून गेलं गं. नको, असं बघू नकोस माझ्याकडे.

चिंगी – नाही, बोला ना. बरोबरच आहे. बोला! मी नालायक आहे. माझा बाप जमिनीवर पडलाय आणि मी दात घासत अंगठा देतेय. पण तुम्हाला काय वाटतं, मी तिकडे मजा मारतेय? सकाळी त्या पडद्यासमोर बसते ती दिवस मावळला की उठते. ऑफिस त्यातच, बाजार त्यातच, मैत्रिणी त्यातच. कोणाचा वाढदिवस आला की मी केकचं चित्र टाकते. माझा आला की मला पंचवीस-तीस केक येतात, एकाचा तुकडा तोंडात पडत नाही. आज कंडक्टरला 'एक द्या' म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. घसा बसला म्हणून नाही. शनिवारपासून तोंडानं कोणाशी बोललेच नव्हते मी.

अण्णा – शनिवारपासून? आणि त्या मीटिंगा?

चिंगी – त्यात सगळे लिहूनच बोलतात. साहेब बोलतो, आम्ही खाली लिहितो. 'हो.' 'चालेल.' 'करते.'

अण्णा – आणि शेजारी?

चिंगी – माझ्या शेजारी कोण राहतं मला माहीत नाही. त्यांचा कुत्रा ओळखते. बरा आहे स्वभावानं.

अण्णा – मला हे कधी बोलली नाहीस.

चिंगी – कधी बोलू? तुम्ही लिहिता 'उठलो', त्यावर मी काय लिहू, 'मला एकटं वाटतं'? काकू बघणार, वहिनी बघणार. सूर्य टाकतील. तुम्हाला खरं सांगू? रोज सकाळी मी जो अंगठा देते ना, तो तुम्ही उठलात हे कळलं म्हणून नसतो. मी पण उठलेय, हे कोणाला तरी कळावं म्हणून असतो.

अण्णा – मला कळतं ना.

चिंगी – ते मला काय माहीत? मला वाटायचं तुम्ही मेसेज टाकता आणि फोन बाजूला ठेवता.

अण्णा – मी तुझा अंगठा येईपर्यंत चहा गाळत नाही. चहावरनं आठवलं, तिकडे उतू जातोय बघ.

चिंगी – अरे देवा! ...गेला थोडा. फडकं कुठाय?

अण्णा – नळापाशी. हात भाजून घेऊ नकोस. एकाच घरात दोन जायबंदी नकोत.

चिंगी – अण्णा, दाराशी कोणीतरी किल्ली फिरवतंय!

अण्णा – बाई आल्या. फडकं ठेव, दार त्याच उघडतात. खालच्या मजल्यावर राहतात. गणित शिकवतात, कॉम्प्युटरवरून. आवाज मोठा आहे, दचकू नकोस.

बाई – काका, चहा झाला का? मला मधे अर्धा तास आहे. पूर्णांक संपवले, अपूर्णांक... अगंबाई! पाहुणे?

अण्णा – पाहुणे नाहीत. ही आमची चिंगी.

बाई – चिंगी! तुम्ही चिंगी? मला वाटलं होतं चिंगी म्हणजे एवढीशी असेल. ज्या चिंगीनं लिफ्टचं बटण दाबायला मिळावं म्हणून शाळेत न जाता वडिलांच्या मागे मागे हिंडायचा हट्ट धरला होता, ती चिंगी?

चिंगी – हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बाई – कोणी म्हणजे? या दारानं! दाराच्या अलीकडे मी, पलीकडे काका. मला तुमचं सगळं पाठ आहे. परीक्षा घ्या हवी तर.

चिंगी – म्हणजे अण्णांना तुम्ही हॉस्पिटलात नेलंत?

बाई – नेलं ते नंतर. आधी भांडायला आले होते. खोटं कशाला सांगू? मी भागाकार शिकवत होते, इतक्यात डोक्यावर धप्प! मुलं विचारायला लागली, 'मिस, काय फुटलं?' एक मुलगा म्हणाला, 'मिस, भूत.' तास गेला ना हातचा. मी आधी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'वरच्या मजल्यावर कोण आहे? जरा भान ठेवा.' चार जणांनी अंगठे दिले. म्हटलं, अंगठे घेऊन काय चाटू? मग चढले वर आणि दाणदाण दार वाजवलं.

अण्णा – मला वाटलं दार घेऊनच आत येतायत.

बाई – आणि आतून आवाज येतो कसा? अगदी शांत. 'बाई, दार उघडता येत नाही, मी जमिनीवर आहे.' जसं काही म्हणतायत, आज दूध नको. माझा सगळा राग कुठल्या कुठे पळाला. मी म्हटलं, थांबा, कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावते, कुलूप काढू. तर काका म्हणाले...

अण्णा – बाई, चहा निवतोय.

बाई – निवू दे. काका म्हणाले...

अण्णा – त्यात काही विशेष नाही, चिंगे. पुढचं सांगा, बाई. हॉस्पिटलाचं सांगा.

बाई – पायऱ्या गाळायच्या नाहीत, काका, मार्क जातात. काका म्हणाले, 'कुलूप तोडू नका. माझी मुलगी निघालीय, तिच्याकडे किल्ली आहे.'

चिंगी – काय?

बाई – मी विचारलं, फोन झाला का तिच्याशी? म्हणाले, 'फोन कशाला? तिचा अंगठा आलाय. मी कळवल्या कळवल्या पहिला तिचाच आला. तिला कळलंय, म्हणजे ती निघालीच.' ...अशा काय बघताय? मी काही चुकीचं बोलले का?

अण्णा – नाही, बाई. उत्तर बरोबर आहे. फक्त सांगायचं नव्हतं.

चिंगी – तुम्हाला वाटलं, मी 'बरं' म्हटलं.

अण्णा – हं.

चिंगी – आणि पिशवी उचलली.

अण्णा – अगं, त्या वेळी डोकं थोडंच ठिकाणावर होतं माझं? पाय ठणकत होता. जुनं काहीतरी डोक्यात आलं. 'बंद' म्हटलं, समोरून 'बरं' आलं, झालं, माणूस निघाला. आता स्वस्थ बसायचं.

चिंगी – किती वेळ वाट बघितलीत माझी?

अण्णा – मोजलं नाही.

बाई – बराच. मी त्या पायरीवर बसून होते. सगळे तास रद्द केले. दर थोड्या वेळानं म्हणायचे, 'आता बस पुलावर आली असेल.' 'आता नाक्यावर उतरली असेल.' 'नाक्यावरून चालत येते ती, रिक्षा करत नाही.' मग जिन्यात कोणाचीही पावलं वाजली की गप्प व्हायचे. मला तेव्हा काही कळलं नाही हो. मला वाटलं, येतेय बिचारी, गर्दीत अडकली असेल. शेवटी त्यांचा आवाज बारीक व्हायला लागला तेव्हा मी त्यांचं ऐकलंच नाही, सुताराला घेऊन आले.

चिंगी – मी त्या दिवशी घरातच होते. कुठेही गेले नव्हते. नुसती बसले होते.

बाई – अहो, रडू नका. मला काय माहीत तुम्हाला हे ठाऊक नाही ते! काका, तुम्ही पण ना, आधी सांगायचं, हा धडा वगळायचा आहे म्हणून.

अण्णा – सांगत होतो, तुम्ही कुठे थांबताय! ते जाऊ दे. चिंगे, एक ऐक. माणूस लिफ्टमध्ये अडकला की आम्ही काय करायचो माहितीय? एक जण वर जाऊन मोटर बघायचा आणि एक जण दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी बोलत राहायचा. काहीही बोलायचं. हवापाणी, पोरंबाळं. बाहेरचा गप्प झाला की आतला घाबरतो. अशी किती दारं झाली असतील माझी. पण आतल्या बाजूला कधी बसलो नव्हतो. बाईंनी जे बोलायला सुरुवात केली म्हणतेस! कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

बाई – मला दुसरं येतं काय? माझ्या तासाला चाळीस चौकटी असतात, त्यांतल्या तीस काळ्या. 'कळलं का?' विचारलं की अंगठे वर येतात. मी दिवसभर काळ्या चौकटींशी बोलते. इथे निदान दाराच्या पलीकडून कोणीतरी 'मग पुढे?' म्हणत होतं. तीन वर्षं हे माझ्या डोक्यावर राहतायत आणि मी त्यांचा चेहरा बघितला नव्हता. सुतारानं दार काढलं तेव्हा पहिल्यांदा बघितला. आवाजावरून मला वाटलं होतं चांगले उंचपुरे असतील.

अण्णा – मी आडवा होतो, बाई. आडव्या माणसाची उंची कशी कळणार?

बाई – आता उभे राहता, तरी तेवढेच दिसता.

चिंगी – बाई, तुम्ही नसता तर...

बाई – तर दुसरं कोणी आलं असतं. म्हणजे, आलं असतं की नाही कोण जाणे. मी नेहमी वर चढून येते असं नाही हो. त्या दिवशी राग आला होता म्हणून आले. चला, चहा छान झालाय. मी पळते, अपूर्णांक वाट बघतायत. आणि हे बघा, काकांना या वेळेला गॅलरीच्या टोकापर्यंत चालवायचं असतं. पाय टेकायला सांगितलंय, सोबत कोणीतरी हवं. रोज मी धरते, आज तुम्ही धरा. ही किल्ली घ्या.

चिंगी – नको. राहू दे तुमच्याकडेच.

बाई – बरं. मग संध्याकाळचा चहा माझ्याकडे. दोघांनी यायचं, जिना उतरायची सवय झाली पाहिजे. गैरहजेरी चालणार नाही.

अण्णा – दार ओढून घ्या, बाई! ...गेल्या. वादळ आहे, पण मनानं फार चांगली आहे. तू अशी का उभी? बस ना.

चिंगी – मला हे का नाही सांगितलंत?

अण्णा – कोणतं?

चिंगी – माझी वाट बघत होतात ते. दोन आठवडे रोज 'उठलो' लिहिताय. एकदा लिहायचं, चिंगे, तू आली नाहीस.

अण्णा – लेकीला असं लिहितात होय?

चिंगी – शिव्या घालायच्या मग. फोन करून घालायच्या.

अण्णा – एकदा कळवून झालं होतं. दुसऱ्यांदा कळवलं की ती तक्रार होते. आणि मला तक्रार करायची नव्हती, मला तू यायला हवी होतीस. तक्रार केली असती तर तू आली असतीस, ते माहीत होतं मला. पण मग तू तक्रारीवर आलेली असतीस.

चिंगी – वाईट वाटलं ना खूप?

अण्णा – वाटलं. तू विचारतेस म्हणून सांगतो. पायाचं दुखणं सोसवत होतं गं. सुताराचे ठोके पडायला लागले ना, तेव्हा मला कळलं की आता कोणी किल्लीनं दार उघडणार नाही. ते नाही सोसवलं. बाईंना वाटलं मी पायासाठी रडतोय.

चिंगी – अण्णा, मला मारा हवं तर.

अण्णा – वेडी आहेस का? आज नाही आलीस? धावत आलीस ना? पायात काय घातलंय त्याचं भान नव्हतं तुला. जेव्हा कळलं तेव्हा निघालीस, अजून काय हवं माणसाला! उशिरा पोचलेला मेकॅनिक पण मेकॅनिकच. आम्ही त्याला आधी पाणी द्यायचो, मग बोलायचो.

चिंगी – मी राहते इथे. चार-आठ दिवस. काम काय, तो पडदा इथे पण लावता येतो.

अण्णा – राहा. पण माझी राखण करायला म्हणून राहणार असशील तर जा परत. राखणीला बाई पुरेशा आहेत.

चिंगी – मग कशाला राहू?

अण्णा – शनिवारपासून कोणाशी बोलली नाहीस ना, ते बोलायला राहा. सावकाश बोल. मला कुठे जायचंय?

चिंगी – आणि परत गेल्यावर?

अण्णा – परत गेल्यावर सकाळी मी फोन करत जाईन. चालेल का? बोलायला काही नसलं तरी. तू दात घास, मी चहा करतो, फोन आपला चालू.

चिंगी – मीटिंगमध्ये असले तरी करा.

अण्णा – आणि साहेब ओरडला तर?

चिंगी – त्याला म्हणेन, लिहून पाठवा. तो कॅमेरा मी उद्या परत करते.

अण्णा – कॅमेरा दे परत. घड्याळ राहू दे, त्यात वेळ पण दिसत असेल ना?

चिंगी – अण्णा! चला, उठा. तुमच्या चालायची वेळ टळेल. कुठे धरू?

अण्णा – इथे, दंडाला. एवढा जोर नको, मी काय पोतं आहे? हां, असं. आता उंबऱ्यावरून पाय उचलायचा. तू पण उचल.

चिंगी – दुखतंय?

अण्णा – नाही. तुझा हात गार आहे किती! पोटात काही आहे का सकाळपासून?

चिंगी – चहा.

अण्णा – तो तर आत्ताचा. फिरून आलो की आधी अंडी फोड चार. मला दोन, तुला दोन. सावकाश... ते बघ, त्या समोरच्या गॅलरीतले आजोबा. रोज या वेळी हात करतात. कर तू पण.

चिंगी – तुमच्या ओळखीचे आहेत?

अण्णा – छे. पायामुळे हिंडायला लागलो तेव्हापासूनचे. कर ना हात, थांबलेत बघ.

चिंगी – केला. ...हसले ते.

अण्णा – दात काढून ठेवलेत, तरी हसतात. बघ, आलं टोक.

चिंगी – आता परत फिरताना एकट्यानं चालून बघता का? बाई रोज धरतात असं म्हणाल्या.

अण्णा – बाईंना सांगू नकोस. सकाळी मी एकटाच येऊन जातो इथवर. चांगलं चालता येतं मला.

चिंगी – लबाड! मग सोडते हात.

अण्णा – चालता येतं म्हणालो गं. सोड म्हणालो का?